विश्वंभरने किल्ला दाखवला

एका गावात एक भोळा नवरा होता. त्याचं नाव विश्वंभर. बायको सांगेल ते तो शब्दन् शब्द ऐकायचा, त्यामुळे गावातल्या बाकीच्या बायका त्याला भोळा म्हणत नसत, गुणी म्हणत. खरं काय ते त्याच्या बायकोला, वृंदाला, ठाऊक होतं.

वृंदा शिकलेली. मुलं कशी वाढवावीत यावर तिने तीन पुस्तकं वाचली होती. तिन्हींत वेगवेगळं लिहिलेलं, म्हणून तिला काळजीही तिप्पट. एका रविवारी छोट्या रेवूला घेऊन दोघं एसटीने किल्ला बघायला गेली. पोर सुखरूप घरी परत यावी, एवढंच वृंदाचं मागणं. किल्ला काय, चित्रातही दिसतो.

गडावर विश्वंभरने जेवणाचा डबा तटावर ठेवला आणि तो तोफ बघत बसला. माकडाने पोळीभाजी खाल्ली आणि डबा दरीत टाकला.

"अहो, खायची वस्तू उघड्यावर ठेवतात का? शर्टाच्या आत दडवायची!"

"चुकलं. पुढच्या वेळी तसंच करीन."

खाली उतरल्यावर तिने त्याला कुल्फी आणायला धाडलं. तो हात हलवत आला.

"कुल्फी कुठंय?"

"दडवलीय." शर्टातून विजारीपर्यंत ओघळ आले होते.

"अहो, असलं काही साठवायचं नसतं! हातात आलं की वाटून मोकळं व्हायचं!"

"चुकलं. पुढच्या वेळी तसंच करीन."

शेजारी संग्रहालय होतं. विश्वंभरने रांगेत उभं राहून तिकिटं काढली. वृंदा पोहोचली तेव्हा दोन अनोळखी आजोबा त्याला आशीर्वाद देऊन आत शिरत होते.

वृंदाने कपाळाला हात लावला. "जोखमीची वस्तू अशी कुणालाही देतात? ती बघा खिडकी. लोक सामान जमा करतायत, टोकन घेतायत. शिका जरा!"

"चुकलं. पुढच्या वेळी तसंच करीन."

"आता मी काढते तिकिटं. तुम्ही रेवूला सांभाळा. सगळ्यात मोठी जोखीम तीच आहे."

तिकिटं घेऊन ती आली. विश्वंभर हसतमुख उभा. हातात पितळी टोकन.

रेवू खिडकीच्या आत, दोन बॅगांच्या मधोमध बसून खिडकीवाल्याचं भडंग खात होती.

"बाई, मी नाही म्हणालो होतो," खिडकीवाला म्हणाला. "पण हे म्हणाले, घरून तशी सूचना आहे."

वृंदाने पोरीला छातीशी धरलं. "नको मला संग्रहालय! हिला उचला आणि सरळ घर गाठा. वाटेत थांबायचं नाही. कुणी कितीही हाका मारल्या तरी वळून बघायचं नाही!"

विश्वंभरने रेवूला उचललं आणि तो निघाला. वृंदा सँडलचा पट्टा लावायला वाकली. मान वर करते तो काय, एसटी सुटत होती आणि तो पायरीवर चढत होता.

"अहो! अहोऽऽ! थांबा!"

विश्वंभरची मान जरासुद्धा वळली नाही.

ती शेवटची एसटी होती. अंधारून आलं तेव्हा त्याचा फोन आला.

"अगं, पोहोचलो. रेवू सुखरूप आहे. वरणभात खातेय. कुठे थांबलो नाही. मागून कुणीतरी बाई फार ओरडत होती, पण मी बघितलंसुद्धा नाही."

वृंदाने चूक शोधायचा खूप प्रयत्न केला. सापडेना.

"चुकलं का गं काही?"

"नाही," ती म्हणाली आणि संग्रहालयाच्या त्याच खिडकीखालच्या पायरीवर बसली.

खिडकीवाला कुलूप लावायला आला. त्याने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बाई, तुम्हालाही तेच जमा करून गेले का?"