माडाची शाल

झाडं अजून एकमेकांशी भांडायची, तेव्हाची गोष्ट. घाटावरच्या एका मळ्यात एक आंबा आणि एक तरणा माड शेजारी राहत. एका हिवाळ्यात अशी थंडी पडली की दोघांचीही पानं करपून काळी झाली. सकाळी मळेवाली गजराबाई आली. तिने माडाच्या शेंड्याला घोंगडी गुंडाळली, बुंध्याशी पाचट पसरलं आणि आंब्याकडे न बघताच निघून गेली.

आंब्याचा जळफळाट झाला. ती रोज येऊन माडाची घोंगडी चाचपून बघे आणि आंबा रोज कुरकुरे, "शाल पांघरून सत्कार चाललाय साहेबांचा! आम्ही काय हिचं घोडं मारलंय?"

पुढे ऊन तापलं. आंब्याला फांदीफांदीवर पालवी फुटली. माडाची घोंगडी सोडली, तर आत एकच हिरवा कोंब.

"एवढे लाड, आणि एवढंच?" आंबा फणकाऱ्याने म्हणाला.

"दादा, तुझी एक फांदी गेली तर दुसरी फुटते," माड म्हणाला. "मला फुटायला हा एवढाच कोंब. तो गेला की मी गेलो."

पुढच्या हिवाळ्यात आंब्याची एक दाट फांदी माडाच्या शेंड्यावर झुकलेली दिसली.

"माझ्यासाठी?" माडाने विचारलं.

"छे! तिकडे ऊन चांगलं येतं."