कारवीचा फोटो

फार पूर्वी, वानरांच्या हाती नुकतेच कॅमेरे आले होते, तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर त्या डोंगराला विचारा, तो अजून तिथेच आहे.

त्या डोंगरावर एक कारवी फुलली. कारवी आयुष्यात एकदाच, सातव्या वर्षी फुलते आणि बी धरून मरते. म्हणून तिने हुप्पेराव वानराला विनवलं, "माझा एक फोटो काढा हो. पोरं उगवतील तेव्हा मी नसेन. आई कशी होती ते त्यांना दिसू दे."

"असा काढतो, की डोंगर बघत राहील!"

पहिला फोटो पांढराफटक आला, दुसरा काळाकुट्ट. दोन्ही त्यांनी पुसले. तिसऱ्यात कारवी छान जांभळी दिसत होती. "छे, फोटोत दाणे दिसतायत. कॅमेऱ्याचा आयएसओ चुकला," म्हणत तोही पुसला. मग ॲपर्चरचं सेटिंग आलं, मग शटर स्पीडचं. फुलावरची मधमाशी वैतागली.

"अहो भाऊजी, दाबा की ते बटण! फुलं गळायला लागली!"

"कला घाईने होत नसते, बाई," हुप्पेराव कॅमेऱ्याचं चाक फिरवत म्हणाले.

महिन्याभराने सगळं सेटिंग अचूक जुळलं. तोवर समोर वाळक्या काड्या उरल्या होत्या.

पुढच्या पावसाळ्यात रोपं उगवली. त्यांनी विचारलं, "काका, आमची आई दिसायला कशी होती?"

हुप्पेरावांचे डोळे भरून आले.

"काय सांगू पोरांनो! आयएसओ शंभर, ॲपर्चर आठ आणि शटर एक भागिले अडीचशे."