लांब पल्ल्याची गोळी

"या दोन्हींतली कुठली, उस्ताद?"

उदाजीने दोन काडतुसं दर्ग्याच्या ओट्यावर उभी केली. एक लांबट, निमुळतं. दुसरं जाडजूड, अंगठ्याएवढं.

मदारबाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. बोटांतली जपाची तसबी काही थांबली नाही.

"ही थ्री हंड्रेड मॅग्नम," उदाजी म्हणाला. "सुसाट जाते. चारशे पावलांवरसुद्धा फारशी खाली बसत नाही. पण माळावरचा वारा तिला ढकलील अशी धास्ती वाटते. आणि ही थ्री सेव्हन्टीफाइव्ह. वजनदार आहे. लागली तर जागचं हलू देणार नाही. पण लांब जाता जाता बसते. अंदाज जरा चुकला की पोटाखालून निघून जायची."

बाबांनी तसबीचा एक मणी पुढे सरकवला.

"दोन्ही रायफली जीपमध्ये आहेत. एक वडिलांची, एक मित्राकडून आणलेली. सोबत एकच नेता येईल. रात्रभर हाच विचार करतोय."

"झोपला नाहीस?"

"झोप कुठली..."

मदारबाबा एके काळी संस्थानच्या शिकारखान्याचे दरोगा होते. संस्थान विलीन झालं, शिकारखान्याला कुलूप लागलं, आणि बाबा करंजाळच्या माळाकाठी, टेकडीवरच्या या पिराच्या दर्ग्यात येऊन राहिले. बंदूक पुन्हा हातात धरली नाही. अंगाने पहिल्यापासून लहानखुरे. वयाने आणखी आक्रसले होते. उदाजी जगदाळ्याला नेम धरायला शिकवलं ते त्यांनीच. पुढे शागीर्दाचं नाव झालं. पल्ल्याची गोळी मारावी तर जगदाळ्यांच्या उदाजीने, असं लोक म्हणत. काळवीट सशाएवढं दिसत असताना हा ते आडवं करी.

आता काळविटाची गोष्ट नव्हती.

माळावर मेंढरं घेऊन उतरलेल्या धनगरांच्या वाड्यावर लांडगा येत होता. आधी कोकरं गेली. मग धुरपाबाईचं पोर गेलं. पहाटे ती चुलीला फुंकर घालत होती, पोर पाठीमागे घोंगडीत निजलेलं. वळून बघते तर घोंगडी रिकामी. त्यानंतर शेजारच्या वाड्यावरची एक मुलगी गेली. सरकारातून परवाना आला आणि माणसं उदाजीकडे धावली.

त्याला लांडगा दिसलाही होता. पण दर वेळी लांब. इतक्या लांब, की माळाच्या रंगात तो कुठे संपतो आणि गवत कुठे सुरू होतं ते कळू नये. उदाजीने रायफल उचलावी, आणि मनात यावं... वारा किती? पल्ला किती? चुकली तर? तोवर लांडगा गेलेला असे.

काल धुरपाबाई त्याच्या जीपपाशी येऊन उभी राहिली होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "लांबनं मारा, जवळनं मारा, दादा. पर मारा. पोरं हायती अजून वाड्यावर."



"जवळून का नाही मारत?" बाबांनी विचारलं.

"जवळ येऊ देत नाही तो."

"तू गेलास?"

उदाजी काडतुसांकडे बघत राहिला.

एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. गेल्या थंडीत ओढ्याच्या जाळीतून जखमी डुक्कर त्याच्या अंगावर आलं होतं. मांडी फाटली. जखम भरली, चालण्यात फरकही राहिला नाही. पण त्या दिवसापासून त्याने जवळून एकही जनावर मारलं नव्हतं. लोकांना वाटे, केवढा पल्ल्याचा नेम. उदाजीलाच फक्त ठाऊक होतं, की जाळीत पान हाललं तरी त्याचे तळहात भिजतात.

"उदा," बाबा म्हणाले, "तुला लांडगा मारायचाय... की लांब राहायचंय?"

उदाजीचा चेहरा तापला. "मी गोळीचं विचारायला आलोय, उस्ताद. तुमच्याइतकं गोळ्यांतलं या भागात कुणाला कळत नाही, म्हणून आलो. सांगायचं नसेल तर तसं म्हणा."

बाबांनी तसबी गळ्यात घातली. खाली वाकून दोन्ही काडतुसं उचलली, हातात खुळखुळवली आणि त्याच्या ओंजळीत टाकली.

"उद्या उजाडता उजाडता ये. तुला हवी ती घेऊन ये."

"आणि?"

"मी माळावर जाईन. तू इथून मार."

"तुम्ही माळावर असताना?"

"माळावर कुणी ना कुणी असतंच की."

एवढं बोलून ते आत दिवा लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी उदाजीने थ्री हंड्रेड आणली. जीपमधून उतरताना तिला परत ठेवून दुसरी उचलली. चार पावलं गेला आणि पुन्हा फिरून पहिलीच घेतली. स्वतःचीच लाज वाटली त्याला.

बाबा घोंगडी पांघरून ओट्यावर बसलेच होते. त्यांनी कुठली आणली म्हणून विचारलं नाही. उतारावरच्या एका सपाट खडकाकडे बोट दाखवलं. "इथून सगळा माळ दिसतो. पड इथं."

"उस्ताद, तुम्ही नका जाऊ. हे बरं नाही."

"का?"

"मला धड दिसणार नाही. अजून उजेड नाही. तुम्ही कुठं, तो कुठं..."

"दिसेल तेव्हा मार," बाबा म्हणाले आणि उतरू लागले.

उदाजी खडकावर पालथा पडला. रायफलीवरच्या दुर्बिणीतून त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. म्हातारा हळूहळू लहान होत गेला. माळ वरून ताटासारखा सपाट दिसत होता. पण मध्येच बाबा गुडघ्यांपर्यंत बुडाले, मग खांद्यांपर्यंत आणि मग दिसेनासेच झाले. तिथे पाण्याने कापलेली ओघळ होती, धनगरांच्या वाड्याकडे जाणारी. इतके दिवस या माळावर नजर लावून बसला, पण ही ओघळ उदाजीला कधी दिसली नव्हती.

थोड्या वेळाने ओघळीच्या तळाशी, जरा उंचवटा होता तिथे, घोंगडीचं टोक वर आलं. बाबा उकिडवे बसले असावेत. डोकं गुडघ्यांत घातलेलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, थंडीने गारठलेलं पोर बसलंय.

 म्हातारा स्वतःच आमिष होऊन बसला होता.

ओरडावं, की धावत जाऊन त्यांना उठवावं? पण ओरडलं तर लांडगा बुजेल, आणि आज रात्री पुन्हा कुणाचं तरी पोर... तो दात ओठांवर दाबून पडून राहिला. पूर्वेला तांबडं फुटलं. वारा सुटला. गवत एका अंगाला झुकलं. डावीकडून वारा, त्याने नकळत हिशेब मांडला, लांडग्याच्या एक वीत डावीकडे नेम धरायचा.

आणि लांडगा दिसला.

तो कुठून आला ते कळलंच नाही. आधी नव्हता, मग होता. ओघळीच्या अलीकडच्या काठावर, आडवा, कान पुढे. रोडका, उंच पायांचा. दुर्बिणीतली रेघ त्याच्या खांद्यावर येऊन टेकली. इतका स्थिर तो कधीच उभा राहिला नव्हता. असा नेम आयुष्यात एकदा मिळतो.

उदाजीने श्वास सोडला. बोट चापावर आलं.

त्याच्या मागे काय आहे?

मागे घोंगडी होती. लांडगा आणि घोंगडी एकाच रेघेत. गोळी लांडग्यातून पार होणार. नाही लागली तरी पुढे जाणार. वाऱ्याने ढकलली तर कुठे जाणार...

बोट चापावरून निघालं. परत आलं. परत निघालं.

लांडग्याने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. काठावरून त्याने मान खाली घातली आणि ओघळीत उतरला.

उदाजी उठला तो धावतच सुटला. टेकडीच्या घसाऱ्यावरून घसरला, कोपर सोलवटलं, रायफल मात्र छातीशी धरलेली. माळ संपता संपेना. वरून चार ढांगांचा वाटलेला. कुसळं पायांत शिरत होती. मनात एकच चाललं होतं, म्हातारा डोकं वर करत का नाही, हालत का नाही, ओरडत का नाही...

ओघळीच्या काठाशी येऊन त्याने खाली उडी घेतली.

लांडगा इतका जवळ होता, की त्याच्या मानेवरचे उभे राहिलेले केस दिसले. पलीकडे घोंगडी, तशीच, निश्चल. लांडगा घोंगडीकडे तोंड करून दबलेला. आवाजाने तो गर्रकन फिरला. पिवळे डोळे. ओठ वर, दात उघडे.

इथूनही तीच रेघ होती. लांडगा आणि घोंगडी.

उदाजी सरळ मारू शकत नव्हता. तो बाजूला सरकला. एक पाऊल. लांडग्याची नजर त्याच्यावर. अजून एक पाऊल, लांडग्याच्या आणखी जवळ. कारण ओघळीचा तळ अरुंद होता. दुसरी वाटच नव्हती. आता लांडग्याच्या पाठीमागे नुसती मातीची दरड आली.

लांडग्याने झेप घेतली.

दुर्बिणीत काही दिसत नव्हतं, नुसते केस. उदाजीने नळी पुढे करून चाप ओढला.

आवाज ओघळीत कोंडला आणि बराच वेळ घुमत राहिला. लांडगा त्याच्या पायांशी येऊन पडला. मागचा पाय एकदा झटकला आणि थांबला.

मग कुठे घोंगडी हालली. मदारबाबांनी डोकं वर काढलं. लांडग्याकडे पाहिलं. गुडघ्यांवर हात टेकून कण्हत उठले, त्याच्यापाशी आले आणि पाठीवर घासून गेलेल्या त्या भुरक्या कातडीवरून एकदा हात फिरवला.

"म्हातारा आहे," ते पुटपुटले. "दात झिजलेत."

आवाज ऐकून वाड्यावरची माणसं पळत आली. धुरपाबाई सगळ्यांच्या पुढे. ती लांडग्याजवळ थांबली. बघत राहिली. मग पदराने तोंड झाकून मातीत बसली. तिला कुणी उठवलं नाही.

एका धनगराने उदाजीला विचारलं, "कंच्या गोळीनं पाडला, दादा?"

उदाजीने सांगण्यासाठी तोंड उघडलं. आठवेना. त्याने रायफलीचा बोल्ट मागे ओढला, बाहेर पडलेलं रिकामं काडतूस उचललं आणि उजेडात धरून बघितलं.

"थ्री हंड्रेड," तो म्हणाला. जणू कुणी दुसऱ्यानेच ती मारली होती.

माणसं लांडग्याला काठीला बांधून घेऊन गेली. धुरपाबाईला बायकांनी हाताला धरून नेलं. ओघळीत दोघंच उरले.

  उदाजी दरडीला टेकून बसला. मांडीवरचा जुना व्रण ठणकत होता.

"उस्ताद, तो तुमच्यापर्यंत पोचला असता तर?"

बाबा घोंगडीला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होते.

"मी वरून मारू शकलो नाही. नेम होता, पक्का होता. पण बोटच हललं नाही. सगळे म्हणतात तसा मी नाही, उस्ताद. त्या डुकरानंतर..." त्याने व्रणावर हात दाबला. "मी फार घाबरलो होतो."

बाबांनी शेवटचं कुसळ उपटलं, वाऱ्यावर सोडलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"कुणासाठी?"