सूचना क्रमांक चार

डोंगराखालच्या एका गावात अनसूयाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. मुलांचे आरोग्य कसे तपासावे, हे त्या अंगणवाडीच्या सेविकांना शिकवत. त्यांचे काम फार नेटके असे. फळ्यावरची रेघसुद्धा त्या पट्टी धरून मारत. बाईंच्या हातून चूक होणार नाही, असे सगळे म्हणत. बाईंनाही ते ऐकायला आवडे.

एकदा त्यांनी पोषण मेळावा भरवला. बत्तीस सेविका आल्या. प्रत्येकीने घरून एक पौष्टिक पदार्थ करून आणला होता. नाचणीचे लाडू, शेवग्याच्या पाल्याची भाजी, मुगाची धिरडी, असे सगळे एका लांब टेबलावर मांडले होते. पाहुणे येऊन पहिला नंबर काढेपर्यंत ताटांना कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला दाराशी जीप उभी होती.

शिकवायला एक मूल हवे होते. वरच्या पाड्यावरून बुधी आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे नाव चिमी. नऊ वाजता तिचे वजन झाले. मग बाईंनी तिच्या दंडाभोवती कुपोषण मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली.

"हिरवा रंग आला तर मूल ठीक. पिवळा आला तर लक्ष ठेवा. लाल म्हणजे धोका. आता एकेकीने मोजा. पट्टी सैल नको, घट्टही नको."

सेविकांची रांग लागली.

"अगं हौसा, दंड मोजायचाय, बांगडी नाही भरायची!" मागून कोणीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

चिमी आधी खूप रडली. दहाव्या बाईनंतर तिचे रडणे थांबले. विसाव्या बाईनंतर तिचे डोळे मिटू लागले.

"किती गुणाची पोर! हलत नाही की चुळबुळ नाही," हौसा म्हणाली.

बुधी पुढे सरकली. "बाई, पोरीला जरा…"

"थांब गं, आठच राहिल्यात," बाई म्हणाल्या.

बत्तिसावी सेविका म्हणाली, "लाल." बत्तीसच्या बत्तीस जणींचे उत्तर बरोबर आले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच चिमीची मान आईच्या खांद्यावर कलंडली.

टाळ्या थांबल्या. हाक मारली तरी पोर डोळे उघडेना.

"काय झालं हिला? आजारी होती का?" बाईंनी विचारले.

"आजारी नाही. उपाशी हाय. काल सांजेपासून."

"उपाशी? अगं, आई ना तू? दोन घास भरवायला काय झालं होतं?"

बुधीने कमरेला खोचलेला कागद काढला. "तुमचाच कागद हाय, बाई. आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी वाचून दाखवला मला."

बाईंनी कागद उलगडला. अक्षर त्यांचेच होते. एकही खाडाखोड नव्हती. 'सूचना क्रमांक चार: वजन अचूक यावे म्हणून मुलाला उपाशीपोटी आणावे.' वजन नऊलाच झाले होते. आता बारा वाजून गेले होते. समोरच्या टेबलावर बत्तीस ताटे भरलेली होती.

बाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

तेवढ्यात फोन वाजला. पाहुणे स्टेशनवर उतरले होते. "बाई, जीप पाठवायची ना?" हौसाने विचारले.

बाई म्हणाल्या, "जीप दवाखान्यात जाईल. साखरपाणी कर आधी."

"आणि पाहुण्यांना काय सांगू?"

"सांग, बाईंची चूक झाली."

ते ऐकून सेविका एकमेकींकडे बघतच राहिल्या. बाईंनी पोरीच्या तोंडावर ओला हात फिरवला. तिने डोळे किलकिले केले. ती गिळू शकते, हे पाहून बाईंनी जीपमध्ये तिला चमच्याचमच्याने साखरपाणी पाजले. दवाखाना येईपर्यंत त्यांनी चमचा खाली ठेवला नाही.

"आणखी तासभर उशीर झाला असता तर…" डॉक्टर चिमीला तपासत म्हणाले.

चिमी वाचली. पाचव्या दिवशी ती वाटीसाठी हात पुढे करू लागली. त्या दिवशी बुधी बाईंना म्हणाली, "बाई, रागावू नका. बत्तीस जणींनी मोजलं. एकीनं तरी विचारायचं व्हतं, पोर जेवली का म्हणून."

पण मोजणाऱ्या बत्तीस नव्हत्या, तेहतीस होत्या. सगळ्यांत आधी पट्टी त्यांनीच गुंडाळली होती.

पुढच्या मेळाव्यात हात लावायचा नाही असे टेबल नव्हते. आलेल्या प्रत्येक मुलाला दारातच वाटी मिळाली. मग बाई फळ्याकडे वळल्या आणि त्यांनी लिहिले: 'सूचना क्रमांक एक: पट्टी गुंडाळण्याआधी विचारा, लेकरू जेवलं का?'

त्याखाली त्यांनी रेघ मारली. या वेळी पट्टी धरली नव्हती. रेघ वाकडी आली. ती पुसून नीट करावी, असे त्या दिवशी बाईंना वाटले नाही.

तात्पर्य: भूक अचूक मोजता येणे ही विद्या खरी, पण मोजणाऱ्याचा हात आधी घास भरवायला पुढे झाला नाही, तर ती विद्याच लेकराच्या जिवावर उठते.