काही कमी नाही

"मग सही कशावर अडली आहे, अप्पा?"

मृत्युंजयने तिसऱ्यांदा विचारलं.

अप्पा म्हणजे मठाचे स्वामी. वय ऐंशीच्या पुढे. ते ओसरीवर बसून शेंगा सोलत होते. समोर एक छापील कागद होता. भाकरी करणाऱ्या यंत्राची मागणी. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी त्यावर शेंगांची वाटी ठेवली होती.

"यंत्र कोणाला हवंय?"

"मठाला."

"मठ म्हणजे कोण?"

अप्पांचे असे प्रश्न मृत्युंजयला आवडत नसत.

मठात धाकटा स्वामी म्हणून येण्याआधी तो पुण्यात एका कंपनीत होता. एखाद्या संस्थेची कुठली गरज अजून कोणीच भागवलेली नाही, ते शोधून द्यायचं. मग त्यावर नवा उपाय विकत घ्यायला तिला मदत करायची. हे त्याचं काम. त्यात तो हुशार होता, आणि हे त्यालाही माहीत होतं.

यंदा एका भक्ताने दासोहासाठी, म्हणजे मठाच्या अन्नछत्रासाठी, मोठी देणगी दिली. अट एवढीच, की घ्याल ते नवं असावं आणि कामाचं असावं. अशी देणगी पुन्हा मिळणार नव्हती. अप्पांनी सगळं मृत्युंजयवर सोपवलं होतं.

"मी सगळ्यांना विचारलं आहे, अप्पा. स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाला कागद दिला. तुम्हाला कशाची कमी आहे ते लिहा म्हणालो."

"काय लिहिलं?"

मृत्युंजय हसला. "चव्वेचाळीस कागद. त्यांतल्या एकोणचाळीस जणांनी लिहिलंय, अप्पांच्या कृपेने काही कमी नाही."

"आणि बाकीच्यांनी?"

"चार कोरे. एकाने पंखा मागितलाय. पंखा आहे तिथे. चूल विझते म्हणून कोणी लावत नाही."

अप्पाही हसले.

"म्हणजे बघा," मृत्युंजयला जोर आला. "त्यांना स्वतःची गरज कळत नाही. ती आपण ओळखायची. म्हणून मी यंत्र निवडलं. तासाला हजार भाकऱ्या. कंपनीचा माणूस खाली येऊन बसलाय. आज सही झाली तर श्रावणाआधी यंत्र येईल."

अप्पांनी एक शेंग फोडली. दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"दासोहात भाकरी कधी कमी पडली?"

"...नाही."

"मग?"

"असं यंत्र आजूबाजूच्या कुठल्याच मठात नाही, अप्पा."

अप्पा काठी टेकत उठले.

"चल."

स्वयंपाकघरात वीस बायका भाकऱ्या थापत होत्या. सगळ्यांची तोंडं चालू होती. मधे मल्लव्वा उभी होती. तीस वर्षं ते स्वयंपाकघर तिच्या शब्दावर चालत होतं.

"या या, धाकटे स्वामी आले," ती म्हणाली. "आज कागद नाही आणला काय ओ? मागच्यातले उरलेले फार छान पेटले."

बायका खदखदून हसल्या. मृत्युंजयचे कान लाल झाले.

अप्पा दाराशी पाटावर बसले.

"मी काय करू?" मृत्युंजयने विचारलं.

"बघ."

तो बघत उभा राहिला. वही काढली. भाकरी थापायला किती वेळ, भाजायला किती वेळ, लिहू लागला.

तेवढ्यात आमटीचा हंडा तयार झाला. तांब्याचा, मोठा, चार कड्यांचा. कड्यांतून दोन दांडे घातले गेले. चार गडी वाकले.

"हर हर महादेव!"

सगळं स्वयंपाकघर एकदम गरजलं. थापणारे हात थांबले. गप्पा थांबल्या. बायका भिंतीला टेकल्या आणि गडी चालू लागले तसा गजर वाढत गेला. ओल्या फरशीवरून, दगडी उंबऱ्यावरून, पंगतीच्या दालनापर्यंत. हंडा खाली टेकला आणि गजर थांबला.

पुन्हा थापण्याचे आवाज. पुन्हा गप्पा.

मृत्युंजयचे डोळे भरून आले होते. त्याने वहीत लिहिलं, कामात भक्तिभाव.

अप्पांनी ते वाचलं.

"सिद्धाप्पा," त्यांनी पुढच्या गड्याला हाक मारली. "दुसरा हंडा तुझ्या जागेवरून हा नेईल."

"अप्पा, नको!" मल्लव्वा पुढे आली. "उंबऱ्यात पाय अडकला म्हणजे?"

"मला जमेल," मृत्युंजय म्हणाला. त्याने उपरणं कमरेला बांधलं.

सिद्धाप्पाने त्याच्या खांद्यावर फडक्याची घडी ठेवली. वर दांडा ठेवला.

"उजवा पाय आधी टाका. उंबऱ्याकडे बघू नका, मल्लव्वाकडे बघा. ती हात खाली करेल तेव्हा पाय उचला."

"आणि हंडा?"

"हंडा तुमच्या पाठीशी राहील."

चौघांनी हंडा उचलला.

मृत्युंजयला आधी वजन कळलं. मग पाठीला वाफ लागली. आमटी डचमळली तसा तो आवाज त्याच्या कमरेजवळून आला. पायाखालची फरशी ओली होती. मल्लव्वा उंबऱ्यापलीकडे हात वर करून उभी होती. तो तिच्या हाताकडे बघत राहिला...

तिने हात खाली केला. त्याने पाय उचलला.

हंडा टेकला तेव्हा त्याला कळलं, की तो ओरडत होता. सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता.

तो जमिनीवर बसला.

अप्पा काठी टेकत आले.

"नाव छान घेतलंस," ते म्हणाले.

मृत्युंजयने खांद्यावरचं फडकं काढलं.

"सकाळच्या पूजेत इतकं मोठ्याने घेत नाहीस."

"घाबरलो होतो, अप्पा."

"आणि हे सगळे?"

मृत्युंजयने मान वर करून सिद्धाप्पाकडे बघितलं.

"आम्ही पण की," सिद्धाप्पा सहज म्हणाला. "रोज दोनदा."

"दहा वर्षं उचलताय ना? अजून भीती वाटते?"

सिद्धाप्पाने धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. पोटरीपासून घोट्यापर्यंत कातडी गुळगुळीत होती. तिच्यावर एक केस नव्हता.

"तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "मागच्याचा पाय घसरला. त्याचा दोष नाही, फरशी ओली."

मृत्युंजय त्या पायाकडे बघतच राहिला.

"मग तुम्ही कागदावर का नाही लिहिलंत?"

सिद्धाप्पाला प्रश्नच कळला नाही. "तुम्ही विचारलं, कमी काय आहे. हंडा आहे. दांडे आहेत. आम्ही चौघं आहोत. कमी काय आहे?"

"आणि लिहिलं असतं तर?" मल्लव्वा मधेच बोलली. तिचा आवाज चढला होता. "मठात सेवा करायची आणि पाय भाजला म्हणून गाऱ्हाणं लिहून द्यायचं? तेव्हा तुमच्या विश्वस्तांतले एक काय म्हणाले, ठाऊक आहे? म्हणाले, सिद्धाप्पाने नाव मनापासून घेतलं नसेल."

"जाऊ दे की, मल्लव्वा," सिद्धाप्पा पुटपुटला.

"का जाऊ दे? महिनाभर तू हंतरुणात होतास. तुझी बायको इथं भाकऱ्या थापून रात्री तुला भरवत होती. जाऊ दे म्हणे!"

कोपऱ्यातल्या एका बाईने पदराने डोळे पुसले आणि भाकरी उलटली.

मृत्युंजय उठला. त्याने वहीतलं भक्तिभावाचं पान फाडलं.

"अप्पा, यंत्र नको. मला कळलं. गाडा घेऊ. चाकांचा, लोखंडी. मी आजच कंपनीच्या माणसाला सांगतो. तो चार दिवसांत..."

"पुन्हा?" अप्पा म्हणाले.

"पुन्हा काय?"

"पुन्हा वस्तू घेऊन आलास. गाडा उंबऱ्यावर चढेल?"

मृत्युंजयने उंबऱ्याकडे बघितलं. तो वीतभर उंच होता.

"...ठाऊक नाही."

"ओल्या फरशीवर थांबेल?"

"ठाऊक नाही, अप्पा."

"मग काय आणायचं ते लिहू नको. काय व्हायला हवं ते लिही. आणायचं काय, ते बनवणाऱ्याला शोधू दे."

मृत्युंजयने एक ओळ लिहून खोडली. मग दुसरी लिहिली आणि मोठ्याने वाचली. "आमटी चुलीपासून पंगतीपर्यंत सुरक्षित जावी."

"सुरक्षित म्हणजे किती ओ?" मल्लव्वाने कमरेवर हात ठेवले. "ते कोण ठरवणार? तुमचा कंपनीवाला?"

पुण्यात हा प्रश्न त्यानेच लोकांना शंभरदा विचारला असेल. आज त्याने वही मल्लव्वापुढे केली.

"मग तुम्ही सांगा, मल्लव्वा."

"मी?"

"हो. कसं झालं म्हणजे झालं म्हणायचं?"

मल्लव्वाने बायकांकडे बघितलं. चुलीकडे, उंबऱ्याकडे बघितलं.

"हंडा चाललाय," ती सावकाश म्हणाली, "आणि माझ्या बायका बोलतच आहेत. हिची सून, तिचा जावई, चालू आहे आपलं. कोणी भिंतीला टेकलेलं नाही. कोणाचा हात थांबलेला नाही. हंडा कधी गेला ते त्यांना कळलंच नाही... तसं काहीतरी करून आणा."

मृत्युंजय लिहीत गेला. एकही शब्द बदलला नाही.

"अजून," सिद्धाप्पा चाचरत म्हणाला. "आम्हा चौघांना काम राहू दे. आम्ही पंगतीत वाढू. वाढायला मला आवडतं."

तेही त्याने लिहिलं. मग वही मिटली.

"कंपनीच्या माणसाला काय सांगू?"

"जेवायला वाढ," अप्पा म्हणाले. "मग हे वाचून दाखव. जमत असेल तर दासोहात आठ दिवस राहा म्हणावं. नसेल जमत, तर ज्याला जमेल त्याला शोध. वर्ष लागलं तरी चालेल."

"आणि तोवर हंडा?"

"आजपासून लहान भांड्यांतून जाईल. फेऱ्या वाढतील. पंगत थांबेल थोडी."

"थांबू दे की," मल्लव्वा म्हणाली. "पोट भरायलाच आलेत, पळून जात नाहीत."

मृत्युंजय निघाला. पण उंबऱ्याशी अडखळून थांबला.

"अप्पा... हंडा उचलताना नाव घ्यायचं, ही इथली शंभर वर्षांची रीत आहे. लांबून लोक ती बघायला येतात. मल्लव्वा म्हणते तसं झालं, तर रीतच उरणार नाही."

"नाही उरणार."

"विश्वस्त सभेत उठतील. मला विचारतील, मठाच्या स्वयंपाकघरातून देवाचं नाव कोणी काढलं?"

"विचारू द्या," मल्लव्वा म्हणाली. "ज्याला रीत हवी त्याने उद्या सकाळी पुढचा दांडा धरायला यावं. मी हात करते."

या वेळी कोणीच हसलं नाही. वीस बायका अप्पांकडे बघत होत्या. हातांवरचं पीठ वाळत होतं.

"मी काय उत्तर देऊ, अप्पा?"

अप्पा पंगतीच्या दालनात गेले. लोक ओळीने बसले होते. भिंतीशी एक जागा रिकामी होती. अप्पांनी काठी बाजूला ठेवली, कष्टाने वाकले, आणि त्या जागेवर एक पत्रावळ मांडली. हाताने नीट सरळ केली.

"सांग त्यांना," ते म्हणाले. "शंभर वर्षं देवाने हंडा वाहिला. आजपासून तो पंगतीला बसणार."