कोवळ्या मनाचा राजा

“…म्हणजे राजा कागद वाचतच नाही?”

“वेळ कुठंय त्याला, फादर? पहाटे शिकार, दुपारी भाल्यांची झुंज, संध्याकाळी गाणं न् नाच. मी कागद पुढे धरायचा, त्यानं घोड्यावर चढता चढता सही ठोकायची. मग राज्य कोण चालवणार? हा गिल्बर्ट!”

इंग्लंडातल्या एका मठातली ही गोष्ट. ट्यूडर घराण्याचा तरणाबांड राजा नुकता गादीवर आला होता. गिल्बर्ट चांभाराचा पोर. फादर ऑस्विननं त्याला लॅटिन शिकवलं. चार बुकं शिकली की माणसाला शिंगं फुटतात, यालाही फुटली. उद्या दरबारात चिटणीस म्हणून रुजू व्हायचं, तर आज गुरूचा आशीर्वाद घ्यायला आला होता. आशीर्वाद कसला, मिरवायला आला होता.

“राजाला पाहिजे काय?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“फ्रान्स.”

“अख्खा?”

“अख्खा. आणि वर लोकांनी चांगलं म्हटलं पाहिजे. दयाळू आहे हो फार! बापाचे ते दोन कारभारी आठवतात? लोकांची सालटी काढणारे? गादीवर बसल्या बसल्या धरले. पुढं मुंडकी उडवली. लोक नाचले, फादर!”

“सालटी काढली ती कुणाच्या हुकमानं?”

“बापाच्या.”

“मग लोकांचा पैसा लोकांना परत दिला?”

“…नाही. त्यात घोडे आले. चिलखतं आली.”

म्हातारा नुसता खोकला.

“आता फ्रान्सच्या लढाईसाठी करपट्टी बसेल. ती कोण वसूल करणार?”

“मीच. हात आखडणार नाही.”

“शिव्या कुणाला बसतील?”

“…मला. बसू देत. राजा आहे ना पाठीशी.”

“आणि लोक रडायला लागले, तर राजाला वाईट वाटेल?”

“वाटणारच! मन फार कोवळं आहे त्याचं.”

म्हातारा उठला. वेदीमागून छोटी कुपी घेऊन आला. अंगठा तेलात बुडवला आणि गिल्बर्टच्या पापणीकडे नेला.

पोरगा दोन पावलं मागं. ते तेल त्या लोकांत मरायला टेकलेल्याला लावतात. धडधाकट माणसाला कुणी लावत नाही.

“फादर! हे काय अभद्र? आशीर्वाद मागतोय मी!”

म्हाताऱ्याचा अंगठा तसाच हवेत. तेल मनगटावरून बाहीत ओघळलं.

बाहेर दरबारातनं आलेला घोडा खूर आपटत होता. पांढरा, झूल घातलेला. चांभाराच्या सात पिढ्यांत कुणी तसल्या घोड्यावर बसलं नव्हतं.

“…जाऊ नको म्हणता?”

“थांबशील?”

गिल्बर्ट घोड्याकडे बघत राहिला.

“…नाही.”

“मग मीट डोळे. मुंडकी उडवतात तिथं एवढी उसंत देत नाहीत.”