वाकडा दात

"मग अण्णा गेला कुठे, तेवढं सांगा."

नूरबाबा जेवत होते. कडक भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला. कुर्रम... कुर्रम...

मल्लूचं डोकं फिरलं. सोलापूरबाहेरच्या या फकिराच्या तकियात, त्याच्या मठीत, तो तणतणत आला होता, बगलेत थोरल्या भावाची पिशवी मारून. त्याचा अण्णा सिद्राम, दातांच्या कवळ्या बनवणारा, तापाने गेला, त्याला अजून महिना नव्हता झाला. पिशवीत त्याची गुलाबी पावडर, बाटलीतलं उग्र वासाचं पातळ रसायन, साचे. तो वास आता घरात सोसवत नव्हता. सगळं तकियामागच्या पडक्या विहिरीत टाकायचं आणि मोकळं व्हायचं, असं मल्लूने ठरवलं होतं.

"माझा भाऊ मेलाय बाबा. आणि तुम्ही जेवताय."

"भूक लागली."

"अण्णा सांगायचा, रिक्षाचा लाल दिवा, दुकानाची पाटी, आईचा स्वेटर, भिंतीचा रंग, आपली कवळी... सगळी ॲक्रिलिकची भावंडं. पावडरीत पातळ पडलं की कण न् कण एकमेकांचा हात धरतो, म्हणे. मग सोडत नाही." मल्लूचा आवाज फाटला. "त्याने तर सोडला."

...

बाबांनी घास गिळला. तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली आणि मल्लूच्या तळहातावर ठेवली.

ओली. कोमट. मल्लू दचकला, पण हात मागे घेतला नाही.

गुलाबी हिरडी, घासून घासून चकचकीत केलेली. समोरच्या ओळीत डावीकडचा एक दात जरासा तिरका, शेजारच्यावर चढलेला.

सगळे सरळ बसवले की खोटे दिसतात, असं अण्णा म्हणायचा. मेणात दात रोवताना मधेच हाक मारायचा, "मल्ल्या, तोंड उघड." मल्लू वैतागायचा. भाऊ आपल्या वाकड्या दाताची टिंगल करतो, असंच त्याला वाटायचं.

त्याची जीभ आपसूक स्वतःच्या डावीकडच्या, तशाच तिरक्या दातावर गेली.

बाबा काहीतरी पुटपुटले. नुसती हवा आली.

"काय?"

बाबा पुन्हा बोलले. गाल आत गेलेले, शब्द एकही कळेना.

मल्लूने तांब्यातल्या पाण्याने कवळी धुतली, सावकाश, अण्णा धुवायचा तशी. दोन्ही हातांनी पुढे केली. बाबांनी ती बसवली.

"काय म्हणत होता?"

"सिद्रामशिवाय मला बोलता येत नाही, असं म्हणत होतो."

...

मल्लू खाली बसला. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही.

बाबांनी अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली. "पहिल्या घासाला मी रोज नावं घेतो. जोंधळा पेरणाऱ्याचं. भाकरी थापणारीचं. मग तुझ्या भावाचं."

मल्लूने भाकरी कपाळाला लावली आणि खाल्ली. कितीतरी दिवसांनी तिला चव लागली. मग त्याने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मला त्याच्यासारखं जमणार नाही, बाबा. मी घाई करतो. पावडर नीट मुरू देत नाही. आत बुडबुडे राहतात."

बाबांनी आणखी एक घास तोंडात टाकला. जपून, एकाच बाजूने चावला.

"माझे खालचे दात हलायला लागलेत."